खणात वाजणारा फोन

बाबा शनिवारी पहाटे गेले. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, आम्ही यहुदी लोक माणसाला पुरत नाही, म्हणून दफन रविवारी सकाळी झालं, आणि मी इस्राएलमधल्या अश्दोदहून मुलुंडला पोचलो रविवारी संध्याकाळी. एकुलता एक मुलगा मी, पण बापाच्या अंगावर मूठभर माती टाकायलाही हजर नव्हतो. आता सात दिवस जमिनीवर बसून राहायचं, हा आमचा सुतक पाळायचा रिवाज. बसलोय. रिवाजाप्रमाणे आरशावर चादर टाकली आहे ते एक बरं झालं. माझं तोंड मला बघवलं नसतं.

शेजारची वसुधा रोज वरणभात आणून देते. बाबांच्या शेवटच्या रात्री हॉस्पिटलमध्ये तीच होती, ती आणि तिचा नवरा नंदकुमार. पण त्या रात्रीबद्दल तिने दोन दिवस काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही.

बारा वर्षांपूर्वी आम्ही इस्राएलला गेलो. मी, बायको सिंथिया आणि आमची मुलगी तामार. बाबा आले नाहीत. म्हणाले, मला मुलुंड ईस्टमध्ये सगळे ओळखतात, तिकडे मी कोणाला नमस्कार करू? मी हसलो होतो तेव्हा. वाटलं होतं, आपल्या लोकांचा देश आहे, तिथे काय कमी पडणार?

तिथे गेल्यावर कळलं की आपल्या लोकांच्या देशात आपण इंडियन असतो. इकडे कंपनीत माझ्या हाताखाली अकरा माणसं होती, तिकडे मी गोदामात ढोबळी मिरची खोक्यात भरतो. सिंथिया एका म्हातारीला आंघोळ घालते. हिब्रू आम्हाला अजून तोडकंमोडकंच येतं, आणि तामार आमच्या चुका चारचौघांत दुरुस्त करते. या सगळ्याची सवय झाली. एका प्रश्नाची मात्र झाली नाही. डब्यात पोहे बघून कोणीतरी विचारायचंच, तुम्ही खरे यहुदी का? इथे मुलुंडमध्ये हे कधी कोणी विचारलं नाही. गणपतीची वर्गणी मागायला यायचे आणि बाबा, त्यांचे झिराडकर काका, यहुदी आहेत हे ठाऊक असूनही पावती फाडून जायचे.

त्या प्रश्नाने माझं डोकं फिरवलं, दुसरं काय. यांच्यापेक्षा कणभर जास्तच यहुदी होऊन दाखवायचं, असं मी मनात धरलं. बाबांच्या घरी शब्बाथ म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी खोबरेल तेलाचा दिवा, काळ्या मनुकांच्या सरबतावर प्रार्थना, आणि जेवण झालं की टीव्हीवर मॅच. मी अश्दोदला त्या दिवशी टीव्ही बंद केला, गॅस बंद केला, टोपी घालून झोपायचंच तेवढं बाकी ठेवलं. पी हळद हो गोरी, तशातला प्रकार. सिंथिया हसायची आणि मी चिडायचो. फक्त एक सोडलं नव्हतं. दर शुक्रवारी सूर्यास्ताआधी बाबांना फोन. दोन मिनिटं बोलायचे, जेवलास का, पाठ कशी आहे, मग तिकडून आशीर्वादाचे शब्द म्हणायचे आणि ठेवायचे.

मग तामारचं लग्न ठरलं. मुलगा अविअद, घरचे मोरोक्कोकडचे, फार धार्मिक. लग्नाच्या नोंदणीला कारकुनाने तामारच्या आजीच्या लग्नाचा कागद मागितला, आम्ही यहुदी असल्याचा पुरावा म्हणून. मोरोक्कोवाल्यांच्या आजीचा मागितला नाही. तो कागद बाबांनी पेटीतून शोधला आणि वसुधाच्या मुलीकडून फोटो काढून पाठवला. वर निरोप पाठवला, रागावू नकोस, त्यांना आपण ठाऊक नाही एवढंच. मी रागावलोच. त्या कारकुनावर काढता आला नाही तो राग पोटात राहिला.

गेल्या शुक्रवारी व्याही जेवायला आणि राहायला यायचे होते. शब्बाथला ते गाडी चालवत नाहीत, म्हणून शनिवारी रात्रीपर्यंत मुक्काम. घरात इतकी धावपळ झाली की बाबांना फोन करायचा राहिला, आणि माझा फोन बंद करायचाही राहिला. आवाज तेवढा घालवलेला होता. मी तो कपाटाच्या खणात चमच्यांजवळ टाकला.

जेवायला बसलो, शिमोन व्याह्यांनी पाव मोडला, आणि खण थरथरायला लागला. चमचे खडखडत होते. थांबला, परत लागला. टेबलाभोवती सगळे खणाकडे बघायला लागले. शिमोन म्हणाले, "बघ तरी कोण आहे. कोणाला गरज असेल."

त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. आणि मी, नेथन झिराडकर, ताठ बसून म्हणालो, "शब्बाथला आमच्या घरात फोनला हात लागत नाही. भारतात होतो तेव्हापासून."

सिंथियाने मान खाली घातली. शिमोननी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि काय सांगू, बारा वर्षांत इतकं बरं मला वाटलं नव्हतं. खण पुन्हा वाजला. तेरा वेळा मोजलं मी. बाबाच असणार हे मला कळत होतं. वाटलं, फोन राहिला म्हणून करतायत, तामारला आशीर्वाद द्यायचा असेल. उद्या रात्री बोलू. बॅटरी संपली असावी, कारण मग खण शांत झाला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

शनिवारी अंधार पडल्यावर व्याही गेले. फोन चार्जिंगला लावला. पहिला मेसेज नंदकुमारचा होता, आणि त्यात फक्त दफनाची वेळ होती.

काल तिसऱ्या दिवशी, माणसांची ये-जा कमी झाल्यावर, वसुधा दार लोटून माझ्यासमोर जमिनीवरच बसली. मी खुर्ची घे म्हटलं तर नको म्हणाली. मग सगळं सांगितलं. शुक्रवारी रात्री जेवताना बाबांच्या छातीत कळ आली. रिक्षाने हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, शिरा बंद आहेत, लगेच आत घ्यायला हवं, वय ब्याऐंशी, धोका आहे, पण नाही केलं तर जास्त धोका आहे. बाबा शुद्धीवर होते. कागद समोर धरला तर पेन हातात घेईनात. नेथनशी बोलतो, तो हो म्हणाला की सही करतो, एवढंच धरून बसले.

"आम्ही खूप समजावलं ना, दादा," वसुधा म्हणाली. "नंदकुमार तर ओरडलाच त्यांच्यावर. डॉक्टर तीनदा येऊन गेले. मी म्हटलं, काका, आज शुक्रवार, त्यांचा शब्बाथ लागला असेल, नाही उचलणार ते. तर हसले. म्हणाले, तू लावत राहा. जिवावरचं असेल तेव्हा शब्बाथ मोडायचाच असतो, मोडला नाही तर पाप. हे मी नेथनला तो एवढासा होता तेव्हा शिकवलंय. तो उचलेल."

खरंच शिकवलं होतं. आई अत्यवस्थ झाली तेव्हा शनिवारीच टॅक्सीत बसताना माझा हात धरून शिकवलं होतं, आणि मी ते कधीही विसरलो नव्हतो. अश्दोदच्या त्या टेबलाशीही विसरलो नव्हतो.

"शेवटी बोलता येईना, तेव्हा मीच सही केली," ती म्हणाली. "मी कोण त्यांची, पण केली. तोवर उशीर झाला होता. तोपर्यंत माझ्या हातातल्या फोनकडेच बघत होते." तिने डोळे पुसले. मग अगदी सरळपणे विचारलं, "दादा, तुमचा फोन बिघडला होता का?"

"हो," मी म्हणालो. "बिघडला होता."

"तरीच," वसुधा म्हणाली. "नंतर नंतर मी काकांना तेच सांगत होते. पण त्यांना पटत नव्हतं."