मोडी बंद

गिरगावातल्या एका ज्ञातीच्या धर्मादाय वाडीत विधवांसाठी अठरा खोल्या होत्या. खोली टिकवायची तर दरवर्षी मार्चअखेर स्वतःच्या हातचा अर्ज द्यायचा. तो आला नाही, की खोली यादीतल्या पुढच्या बाईला. अर्ज बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, चाले, मोडीतही चाले. १९५९ च्या डिसेंबरात मोडी बंद करायचं ठरलं आणि ठराव लिहिला चिटणीस कमलाकांतने.

कमलाकांत नियमाचा माणूस. त्याने आधी जुने अर्ज काढून मोजले. मोडी अकरावरून एकावर आली होती. तेवढा एक अर्ज घेऊन गडी दरवर्षी दादरला अप्पांकडे जाई, कारण संस्थेत मोडी वाचणारे तेवढेच उरले होते आणि त्यांनाही आता भिंग पुरेना.

"एका अर्जापायी किती दिवस हे सोवळं सांभाळायचं?" अध्यक्ष मनमोहन म्हणाले. "नवं राज्य येतंय. एक भाषा, एक लिपी!"

मुंबई मिळणार म्हणून तेव्हा सगळेच खुशीत होते. ठराव एकमताने झाला. कमलाकांतने तीन महिन्यांची मुदत ठेवली, सुवाच्य अक्षरात नोटीस लिहिली आणि जिन्याखालच्या फळ्यावर लावली. आपण घाई केली नाही, याचं त्याला समाधान होतं.

मार्चअखेर सतरा अर्ज बाळबोधीत आले. अठरावा मोडीत. त्यावर 'नामंजूर' लिहून, खाली कारण देऊन त्याने तो परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी तेराव्या खोलीतल्या यशोदाबाई तोच कागद घेऊन कचेरीत आल्या. सासऱ्यांचे डोळे अधू होऊ लागले तेव्हा जमिनीचे कागद वाचून दाखवायला घरात कोणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी सुनेला मोडी शिकवली. तिला बाळबोध येत नाही म्हणून कोणाचं काही अडलं नव्हतं.

"कमलाकांत, हे काय लिहिलंयस रे? वाच बघू."

त्याने वाचलं. मग म्हणाला, "फळ्यावर नोटीस होती, मावशी. तीन महिने."

"होती ना. येता-जाता बघायचे. अक्षर छान आहे तुझं. पण ज्याला मोडीच येते, त्याला बाळबोधीत कळवलंस होय?"

एवढी मोजदाद केली आणि ही साधी गोष्ट आपल्या टाळक्यात शिरली नाही, याची कमलाकांतला मनापासून लाज वाटली. नोटीस पोचलीच नाही तर मुदत कसली? त्याने 'नामंजूर' खोडलं. मुदत एक वर्षाने वाढवली. मनमोहनना काय सांगायचं ते संध्याकाळी बघू, असं ठरवून त्याने कोरा कागद यशोदाबाईंपुढे सरकवला.

"मोडीतली नोटीस तुम्हीच लिहा. मला येत नाही."

यशोदाबाईंनी आधी कागदभर आडवी रेघ ओढली. मग टाक न उचलता अक्षरं तिला लटकवत गेल्या, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, "पुढल्या मार्चापासून मोडी अर्ज घेतले जाणार नाहीत."

कमलाकांत टाचण्या शोधू लागला.

"वाडीत हे वाचणारं कोण आहे रे?"

"तुम्ही," तो खाली बघत म्हणाला.

"मग फळ्यावर कशाला लावतोस?" त्या उठल्या. "मला कळलं."