नाकावरचा राग

निखतच्या नाकावर कायम राग, ही तिच्या अम्मीची रोजची तक्रार.

आठवीच्या वर्गात बाईंनी विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो? तुम्हाला काय मोलाचं वाटतं, ते त्यातूनच कळेल."

निखत ताडकन उठली. "बारक्या पोरींना कबड्डीत नुसतं बाहेर बसवत्यात, त्याचा!"

"अगं, पण कप्तान तर तूच हायेस," मागून किडकिडीत दिशा म्हणाली.

निखतचा चेहरा खर्रकन उतरला.

शनिवारी सूस गावच्या मैदानावर निखतचा संघ एका गुणानं मागं असताना तिनं शेवटच्या चढाईला दिशालाच पाठवलं. समोरच्या पोरी हसल्या. दिशा दोघींना शिवली, तिसरीच्या हाताखालून निसटली आणि सामना जिंकूनच परतली.

वर्गातली गोष्ट ऐकलेली अम्मी गर्दीतून ओरडली, "निखत, अशीच रागावत जा गं!"