घरात विचारून सांगतो

पोळा होऊन चार दिवस झाले असतील, तेव्हा नीळकंठ गायधनी एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन धामणगाव बढ्याला एसटीतून उतरला. महाराष्ट्र राज्य चार वर्षांचं झालं होतं, जिल्हा परिषद दोन वर्षांची, आणि गावातला ढोरांचा दवाखाना अवघा सहा आठवड्यांचा. त्या दवाखान्याचा पहिला स्टॉकमन म्हणून नीळकंठची नेमणूक झाली होती. स्टॉकमन हा शब्द गावानं एका दिवसात मोडीत काढला आणि त्याला डाक्टर करून टाकलं.

मागे नाशिकला, थोरल्या भावाच्या घरी, बायको सुलभा आणि सहा वर्षांची वासंती होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आठही वर्षं सुलभानं मोठ्या जावेच्या हाताखाली काढली होती. ही नोकरी नीळकंठनं घेतली ती पगारासाठी कमी आणि तिला दिलेल्या शब्दासाठी जास्त. आपलं वेगळं घर करू, असा तो शब्द होता. निघताना भाऊ म्हणाला, "दिवाळीपर्यंत घर नाही मिळालं तर बायकोपोरीला इथंच राहू दे. तू येऊन-जाऊन राहा." सुलभा वळकटी बांधत राहिली. एसटी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "दिवाळीनंतर मी पुन्हा विचारणार नाही."

हातात दोन महिने होते. त्यात दवाखान्याचा शिपाई दयाराम पहिल्याच दिवशी म्हणाला, "खोल्या काय, ढीगभर रिकाम्या हायेत गावात. तुमी फकस्त इचारा." नीळकंठला वाटलं, आठवड्याचं काम आहे. उतावळेपणानं त्यानं घरी तसं लिहूनही टाकलं आणि तोवर म्हणून दवाखान्यातच वळकटी पसरली.

तो पहिल्यांदा गेला महादेवरावांकडे. त्यांच्या घरामागं दोन खोल्या मोकळ्या होत्या, वर कौलं, पुढं लिंबाचं झाड. महादेवरावांनी ओसरीवर बसवलं, चहा पाजला, नाशिकची, गोदावरीची, द्राक्षांची चौकशी केली. नीळकंठनं नेमणुकीचा कागद पुढं केला. त्यांनी तो मन लावून वाचला, शिक्का उन्हाला धरून पाहिला आणि म्हणाले, "हाव, चांगलं हाय. घरात इचारून सांगतो."

मग इंद्रभानकडे गेला. माळव्याच्या बागायतीवर इंद्रभाननं नवं घर बांधलं होतं आणि जुनं रिकामं पडलं होतं. तिथंही चहा झाला, तिथंही कागद पाहिला गेला, आणि इंद्रभानही म्हणाला, "घरात इचारून सांगतो."

नाशिककडं असं म्हणाले की माणसानं टोपी उचलून चालू लागायचं असतं. पण इथं नकार द्यावा तर चहा कशाला पाजतात, पुन्हा या कशाला म्हणतात, नीळकंठला कळेना. दर आठवड्याला तो दोन्हीकडे जाई, दोन्हीकडे त्याला चहा मिळे, आणि घर मात्र आतल्या आतच राही. सुलभाला तो लिहायचा, "प्रयत्न चालू आहेत. तुला कसं घर चालेल?" तिचं उत्तर ठरलेलं असे, "मला कसंही चालेल." ते वाचून त्याला बरं वाटायचं. बायको किती समजूतदार आहे, असं तो दयारामलाही एकदा म्हणाला.

भाद्रपद सरत आला तेव्हा दयारामलाच त्याची कीव आली. "साहेब," तो म्हणाला, "तुमी मान्सायसंगंच बोलून राह्यले. घर देनं मान्सायच्या हातात आहे काय? घर भेटलं तरी तुमी दवाखान्यातच राह्यनार. दिवसभर त्या घरात राह्यनार तुमची बाई. पानी एका इहिरीवर, धुनं एका दगडावर. म्हनून बाई पाहूनच घर देतेत आमच्याकडं. घरात इचारून म्हन्जे खरंच घरात इचारून."

"मग बायकोला आणायला हवं."

"हाव."

"पण घर नसताना तिला आणू कुठं?"

दयारामनं बिडी कानावरून काढली, पाहिली आणि पुन्हा कानावर ठेवली. "थे मले काई समजलं नाई अजून," तो म्हणाला.

तेव्हा नीळकंठनं ठरवलं की बाई आणता येत नसेल तर निदान बाईची माहिती न्यावी. इथंच त्याचा पाय घसरला. महादेवरावांच्या कौशल्याबाई दाराआडून विचारू लागल्या, बाई उपास कोणता धरते, कांदा-लसूण खाते का, विहिरीचं पाणी ओढता येतं का. नीळकंठ गोंधळला. सुलभा आठवड्यातून एक दिवस जेवत नसे हे त्याला ठाऊक होतं, पण वार कोणता? समोर भिंतीवर महादेवाची तसबीर दिसली, तसा तो म्हणाला, "सोमवार. कांदा-लसणाला शिवत नाही. आणि पाणी म्हणाल तर रोजचे दहा हंडे." नाशिकला घरात नळ होता हे त्याला सांगावंसं वाटलं नाही.

इंद्रभानच्या मंजुळाबाईंच्या घरी आढ्याला कांद्याच्या जुड्या टांगलेल्या आणि कोनाड्यात देवीचा टाक. तिथं सुलभाचा वार मंगळवार झाला आणि कांद्यावाचून तिला घास उतरेना. मंजुळाबाईंनी विचारलं, "दरवाजा ठेंगना हाय आमचा. बाई उंच हाय का बुटकी?" "बुटकी," नीळकंठ घाईनं म्हणाला. सुलभाचा हात वरच्या फळीपर्यंत पुरेल असं त्यानं कौशल्याबाईंना सांगितलं होतं, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

गावात पिठाची गिरणी एकच. बुधवारी तिथं दोघी बायका दळणाचे डबे घेऊन शेजारी-शेजारी बसल्या, आणि दळण उतरायच्या आत गोष्ट स्पष्ट झाली. ढोराच्या डाक्टराले दोन बायका हायेत. एक उंच, सोमवारवाली. दुसरी ठेंगणी, कांदा खाणारी.

नीळकंठला हे कोणी सांगितलं नाही. त्याला फक्त एवढं दिसलं की चहा बंद झाला. शेवटी महादेवरावच दवाखान्यात आले, दयाराम बाहेर जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "डाक्टर, तुमच्या घरचा मामला हाय, मी बोलू नाई. पन सरकारी नोकरीत दोन चालत नाई म्हन्तात. पाहून घेजा." आणि निघून गेले. दोन काय चालत नाहीत, याचा विचार नीळकंठ दुपारभर करत राहिला. दोन खोल्या? दोन दवाखाने? संध्याकाळी दयारामनं उलगडून सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला तो उठेचना. दसरा चार दिवसांवर होता. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुभद्राबाई गाय घेऊन आल्या. साठीची विधवा बाई, गावाच्या वरच्या अंगाला घर, त्यातल्या दोन खोल्या रिकाम्या. नीळकंठ ते घर दोनदा पाहून आला होता, पण त्यांनी कधी हो-नाहीचा शब्द काढला नव्हता. गाय चारा खात नव्हती. नीळकंठ आपल्या कामात पक्का होता. पाणी किती पिते, रवंथ कधी करते, बसताना कोणत्या कुशीवर बसते, एकेक विचारत गेला. सुभद्राबाईंनी सगळं घडाघडा सांगितलं. उजव्या कुशीवर बसते, पाणी सकाळी सांडून देते, ढगांचा गडगडाट झाला की थरथरते, आणि लाल लुगडं दिसलं की दूध चोरते.

औषध पाजून झालं. मग पदर खोचत त्या म्हणाल्या, "आता मी इचारतो. तुमची बाई उपास कोनत्या दिवशी धरते?"

नीळकंठनं औषधाची बाटली खाली ठेवली. खोटं बोलायची ताकद आता राहिली नव्हती. "मला माहीत नाही," तो म्हणाला.

"भेते कायले?"

"माहीत नाही."

"तिले कसं घर पाह्यजे?"

"ती म्हणते, कसंही चालेल."

"कसंबी चालते असं गाईलेबी चालत नाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "लग्नाले किती वर्सं झाले?"

"आठ."

त्यांनी गाईच्या पाठीवर हात फिरवला. "हे मायापाशी तीन वर्सं हाय," एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, "पत्ता द्या तुमच्या बाईचा."

नीळकंठनं सुलभाच्या शेवटच्या पत्राचं पाकीट दिलं. पत्ता कशाला हे विचारायचं धाडस झालं नाही. दयारामचा तर्क असा की बाई खरीच आहे का, आणि एकच आहे का, याचा तपास होणार. नीळकंठला तोही पटला आणि त्यानं चार रात्री झोप घालवली. नाशिकला भावाच्या हाती ते पत्र पडलं तर? नवऱ्याला दोन बायका आहेत का, असं कोणी सुलभालाच विचारलं तर? इकडे नाशिकहून सुलभाचं आठवड्याचं पत्रही आलं नाही. दिवाळी दहा दिवसांवर आली. भावाचं कार्ड मात्र वेळेवर आलं. वासंतीचं नाव इथल्याच शाळेत कायम ठेवतो आहे, असं त्यात लिहिलं होतं.

त्याच दुपारी सुभद्राबाई दवाखान्यात आल्या. या खेपेला गाय नव्हती. पदराच्या गाठीत निळं अंतर्देशीय पत्र होतं, बंद. "मायी सून पुष्पा माहेरी गेली," त्या म्हणाल्या. "तिनंच लिव्हलं होतं माया नावानं. जबाब आला. वाचून दाखवा. आन कागद मले आला हाय, डाक्टर. पुरा वाचा. मंधातलं गिळू नोका."

सुलभाचं अक्षर ओळखून नीळकंठनं पत्राची कड जपून फाडली. तो वाचू लागला.

"ती. सुभद्राबाईंना सा. न. तुमचं पत्र मिळालं. तुला घर कसं हवं, असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून उत्तर लिहायला इतके दिवस लागले. मी शनिवार धरते. पण तो माझा नाही. सासूबाईंचा होता, त्या गेल्यावर माझ्याकडे आला. कांदा मला आवडतो, इथं चालत नाही. चूल खिडकीपाशी असली तर फार बरं होईल. इथं चूल कोपऱ्यात आहे, भिंतीकडे तोंड करून रांधावं लागतं. दुपारी घटकाभर दार आतून लावून घेता यावं. एवढंच."

नीळकंठ थांबला. कागदावर अजून चार ओळी होत्या.

"एवढंच नाई हाय थे," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमचे डोळे खाली गेले."

"तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते," नीळकंठ पुढं वाचू लागला. "मला विहिरीची भीती वाटते. लहानपणी सिन्नरला माझी मैत्रीण पाणी ओढताना माझ्यासमोर आत गेली. अजून काठावर उभं राहिलं की पाय लुळे पडतात. पण मी सवय करीन. हे यांना कळवू नका. माझ्यामुळे घर हातचं गेलं असं त्यांना वाटेल."

दवाखान्यात फिनेलचा वास होता आणि बाहेर कोणाचा तरी बैल डुरकत होता. नीळकंठला लाज वाटली. रोजचे दहा हंडे, असं तो महिन्याभरापूर्वी ऐटीत सांगून आला होता. आणि घर हातचं गेलं असं त्याला वाटलं असतं, हेही खरं होतं. ते तिनं नेमकं ओळखलं होतं.

"इहीर तर माया आंगनातच हाय," सुभद्राबाई म्हणाल्या.

"मग नाहीच का?" त्यानं विचारलं.

"नाई कोन म्हनलं? बाई खरं बोलनारी हाय. अशी बाई घरात आली त मले सोबत होईन. पानी तुमी काढान. सकाळी दोन घागरी, सांजीले दोन. येते काय?"

"येईल."

"येत नसन त शिका. आन चावी मी तिच्याच हाती देईन. तंवर तुमी इथंच झोपा, फिनेलात."

सुभद्राबाई उठल्या. नीळकंठनं कागद पुढं ओढला, "घर मिळालं. चूल" इथवर लिहिलं आणि तिथंच अडला. घर दोनदा पाहिलं होतं. कौलं पाहिली होती, दाराची कडी हलवून पाहिली होती, विजेचा खांब किती लांब आहे ते पावलांनी मोजलं होतं. चूल कुठं आहे ते काही केल्या आठवेना. दवाखाना दयारामवर टाकून तो सुभद्राबाईंच्या मागोमाग चालू लागला.

चूल कोपऱ्यात होती. भिंतीकडे तोंड करून. खिडकी समोरच्या बाजूला, तिच्यातून अंगण दिसत होतं आणि अंगणात उजव्या कुशीवर बसलेली गाय.

"मातीचीच हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "मोडा आन तिकडं घाला. माती मी देतो."

नीळकंठनं बाह्या वर केल्या आणि उकिडवा बसून जुनी चूल फोडली. ढेकळं उचलून बाहेर टाकली. मग खिडकीखाली हातभर जागा साफ करून त्यानं विचारलं, "किती उंच घालायची?"

"थे मले काऊन इचारता?" सुभद्राबाई म्हणाल्या. "माती भिजवून ठेवू. चूल तिले इचारून घालजा."

मातीसाठी त्यानं पहिली घागर स्वतः ओढली. दोर तळहातातून सरकला, अर्धं पाणी पायावर सांडलं, पण घागर वर आली. तेच सोललेले हात घेऊन संध्याकाळी त्यानं पत्र पुरं केलं. विहिरीचं त्यात काही लिहिलं नाही. "इथं पाणी पुरुषांनी भरायचं असतं," असं एक वाक्य घातलं. ते त्याचं शेवटचं खोटं. त्याखाली तो प्रश्न विचारत गेला. चूल किती उंच घालू, दाराला कडी हवी की अडसर, शनिवार सोडलास तर चालणार नाही का. कागद भरला तेव्हा त्यानं तो आडवा धरला आणि समासात लिहू लागला.