एलोदीच्या नावाची बांगडी

सोळा पदर, प्रत्येक पदरात वीस केस, म्हणजे एकूण तीनशे वीस केस. दोन टोकांना काळ्या मुलाम्याच्या दोन टोप्या, एक चाप, आणि चापाच्या आतल्या बाजूला कोरलेले ‘एलोदी’ हे नाव. मित्रांनो, एवढ्या ऐवजाची मी एक जुनी, केसांची विणलेली बांगडी आहे. नाव माझ्यावर आहे, पण ते माझे नाही.

माझा जन्म फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या गाइत नावाच्या मुलीच्या डोक्यावर झाला. तिकडच्या बायका आपले केस कुणाला दाखवत नाहीत. खळ घातलेल्या पांढऱ्या टोपीत कपाळावरची बटसुद्धा आत खोचून ठेवतात. त्यामुळे मी वाढले ती अंधारातच. ऊन न लागल्याने मुळापासून टोकापर्यंत एकसारखी तपकिरी राहिले. पुढे मला मोल आले ते याच गुणामुळे.

गावच्या जत्रेत केस कापणारे येत. त्यांच्या खांद्यावर रंगीत सुती कापडाचे तागे असत आणि कमरेला कात्री. बायकांनी केस द्यायचे आणि कापड न्यायचे, असा व्यवहार. गाइतला आईवडील नव्हते. तिला काटेलमावशीने वाढवले होते. मावशीने तिला समजावले, की मानेवरची दोन बोटे जाडीची बट तेवढी द्यायची, तेवढ्यात लग्नाच्या घागऱ्याचे कापड सुटेल.

“आणि नवऱ्याला कळलं तर?” गाइतने विचारले.

“नवऱ्याला टोपीच्या आतलं दिसेपर्यंत लग्न लागून गेलेलं असतं, बाळे,” मावशी म्हणाली. आजूबाजूच्या बायका तोंडावर हात धरून हसल्या. गाइतही हसली आणि हसतच तिपाईवर बसली.

कात्रीवाल्याने मावशीकडे पाहिले. मावशीने मान डोलावली. गाइतची पाठ होती, म्हणून तिला ते दिसले नाही. मला दिसले. तो थांबला तेव्हा तिच्या कपाळापुरती झालर उरली होती. तिने हात मागे नेला आणि नुसती मान हाताला लागल्यावर तो तसाच धरून ठेवला.

“मावशी, दोन बोटं म्हणाली होतीस.”

मावशीचे तिकडे लक्ष नव्हते. बदल्यात मिळालेले निळ्या फुलांचे कापड ती स्वतःच्याच कमरेला लावून पुरते का ते बघत होती. मग मला पोत्यात कोंबले आणि पोत्याचे तोंड बांधले.

पॅरिसमध्ये मला धुतले, विंचरले, लांबीप्रमाणे निवडले. शेवटी मी मस्यू लुबेल यांच्या दुकानातल्या एका खणात येऊन पडले. काचेच्या छपराखालच्या बाजारगल्लीतले ते छोटेसे दुकान होते. मेलेल्या माणसांच्या केसांचे दागिने तिथे बनत. सुतकाच्या पहिल्या वर्षात बाईने काळ्याखेरीज काही ल्यायचे नाही, चमकणारे तर नाहीच, पण गेलेल्याच्या केसांची बांगडी किंवा लॉकेट चाले. दारावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते: ‘आपल्या माणसाचेच केस. परका एकही नाही.’ ज्यांना खात्री करून घ्यायची असे ते समोर खुर्ची टाकून बसत आणि विणून होईपर्यंत केसांवरची नजर हलवत नसत. आम्ही खणातले केस फक्त आंबाडे आणि टोपांसाठी होतो. मृतांच्या कामाशी आमचा संबंध नव्हता. निदान तसे सांगितले जात असे.

एका हिवाळ्यात मादाम फुर्काद दुकानात आल्या. हातमोजे शिवणाऱ्या विधवा बाई. त्यांची एकुलती एक लेक एलोदी एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने गेली होती. तापात डॉक्टरांनी तिचे केस कापायला लावले होते. ते त्यांनी रेशमी कागदात गुंडाळून आणले होते. त्यांना समोर बसायचे होते. पण लुबेल म्हणाले, की थंडी फार आहे, तुमची तब्येत बरी दिसत नाही, गुरुवारी या. त्यांनी विश्वासाने पुडी काउंटरवर ठेवली. ठेवल्यावरही तिच्यावरचे बोट उचलायला त्यांना वेळ लागला.

विणण्याआधी केस सोड्याच्या पाण्यात उकळावे लागतात, म्हणजे त्यांचा तेलकटपणा जातो. निरोगी केसांना पाव तास पुरतो; तापातल्या केसांना त्याहून कमी, कारण ते आधीच कमजोर झालेले असतात. लुबेलना हे पक्के ठाऊक होते. पण बाहेर बाजाराच्या तोंडाशी घोडे ओढत त्या बसगाडीचा एक घोडा घसरून पडला होता, आणि त्याला उठवावे कसे याबद्दल शेजारच्या टोपीवाल्याशी त्यांचा वाद रंगला. ते परत आले तेव्हा पातेल्यात केस नव्हते. ओल्या कापसासारखे काहीतरी होते, चिमटीत धरले की तुटणारे.

“तिला सांगा,” त्यांची बायको झुल्मा म्हणाली. विणकाम तीच करत असे.

“काय सांगू? बाई, तुमची लेक मी उकळून टाकली?”

“चूक झाली म्हणा. रडेल, शिव्या देईल, दारावर थुंकेल. तो तिचा हक्क आहे.”

 लुबेलनी माझा खण उघडला, एक बट काढून कागदातल्या उरल्यासुरल्या केसांशी खिडकीजवळ ताडून पाहिली आणि म्हणाले, की रंग जुळतो.

“रंग जुळतो हो. पोरगी जुळते का?” झुल्मा म्हणाली.

एवढे म्हणून तिने काय केले असेल, मित्रांनो? मधोमध भोक असलेला गोल पाट पुढे ओढला, माझे पदर मोजले, प्रत्येकाच्या टोकाला शिशाचे वजन बांधले आणि विणायला बसली. तिचा हात फार सुरेख होता. एक केस इकडचा तिकडे झाला नाही. पातेल्यातले पाणी लुबेलनी गल्लीच्या गटारात ओतले. एलोदीला निरोप दिला तो मी एकटीने.

गुरुवारी मादाम फुर्काद आल्या. त्यांनी मला तळहातावर घेतले, गालाला लावले, मग ओठांना. लुबेल हिशेबाच्या टेबलामागे उभे होते.

“हीच ती,” त्या म्हणाल्या. “कानामागे तिचे केस असेच वळायचे. किती जपून विणलंत हो. देव तुमचं भलं करो.”

लुबेलनी वाकून नमस्कार केला. झुल्मा आत निघून गेली. मला ओरडून सांगायचे होते, की मी ती नव्हे, मी गाइतची, दूर समुद्राकाठच्या एका फसवलेल्या मुलीची. पण केसांना वाचा नसते.

त्यानंतरची सहा वर्षे मी त्यांच्या मनगटावर होते. शेजारणी माझे कौतुक करत, इतकी नाजूक वीण पाहिली नाही म्हणत. हातमोजे शिवताना सुई थांबवून त्या माझ्याशी बोलत: आज बाजारात गाजरे चांगली नव्हती, एलोदी, तुझ्या त्या मैत्रिणीला मुलगा झाला, नाक बापावर गेलंय बिचाऱ्याचं. इतकी माया मला जन्मात कुणी केली नव्हती. तिच्यातला एक कणही माझ्यासाठी नव्हता. मला फसवून कापले, ते दुःख एक वेळ मी विसरले असते. पण मला दुसऱ्या एका आईला फसवायला वापरले, आणि दर दिवशी, दर मुक्याला मी ते फसवणे पुन्हा करत राहिले.

त्यांचे थोरले भाऊ मस्यू एवारिस्त औषधांचे दुकान विकून निवृत्त झाले होते. मोठ्या हौसेने त्यांनी एक सूक्ष्मदर्शक घेतला होता. भिंगात बारीक रेघांची पट्टी होती, तिच्यावर वस्तूची जाडी मोजता येई. रविवारी जेवण झाले की ते माशीचा पंख, चीजमधले किडे असे काय काय दाखवत, आणि बहीण म्हणे, “दादा, चीज खाऊन झाल्यावर दाखवत जा रे.” एका रविवारी तिने मला मनगटावरून काढले. तिला आपली लेक मोठी करून बघायची होती.

दादा खूश झाले. मोजायचे तर नीट मोजू, म्हणाले. तुलनेला तिचे आणखी केस आहेत का? होते. एलोदीचा कंगवा, आजारपणाआधी वापरलेला, आईने न धुता तसाच ठेवला होता. दादांनी त्यातले दहा केस घेतले आणि माझ्या टोपीतून निसटलेली दहा टोके. पहिले दोन-तीन केस बघताना ते गुणगुणत होते. मग गुणगुणणे थांबले. त्यांनी भिंग पुसले. सगळे पहिल्यापासून मोजले. नंतर कॉफी गार झाली म्हणाले, तू दुसरी कर ना, म्हणाले.

“दादा, माझ्याकडे बघ.”

ते भिंगातच बघत राहिले. “पोलीन, केस म्हणजे केस. वयानुसार बदलतात, हवेनुसार बदलतात.”

“तू चाळीस वर्षं औषधं तोलून दिलीस. मला अंदाजानं देऊ नकोस. काय आलं?”

मित्रांनो, कुणी आपले माणूस तुमच्या हाती सोपवले, मग ते एका पुडीएवढे का असेना, तर ते जपा. जपणे हातून राहिले, तर ज्याने सोपवले त्याच्या हातावर आपली चूक ठेवा आणि रडणे ऐकून घ्या. गमावलेल्याच्या जागी दुसरे काही ठेवू नका. ते दुसरेही कुणाच्या तरी डोक्यावरून आलेले असते. आता मी मनगटावर नाही, शिवणाच्या टेबलाच्या खणात आहे. मला तिथे ठेवण्याआधी मादाम कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसल्या होत्या, अनोळखी माणसाकडे बघावे तशा.

त्या रविवारी दादांनी खुर्ची मागे सरकवली आणि सांगितले. कंगव्यातल्या दहा केसांपैकी सर्वांत जाड केस: साडेपाच शतांश मिलिमीटर. बांगडीतल्या दहांपैकी सर्वांत बारीक: आठ शतांश.