बटणं खाणारी बाई

थोरल्या वन्सं चार दिवस राहायला म्हणून माहेरी आल्या, त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. येताना त्यांनी दोन ट्रंका आणल्या आणि स्वप्नांचा अर्थ सांगायची विद्या. विद्या मोठी सोयीची. सासूबाईंच्या स्वप्नात पूर आला, तर त्यांचा पलंग वन्संकडे गेला. भावाच्या स्वप्नात दात पडला, तर पंखा गेला. खोड एकच, कुणाचं स्वप्न त्या शेवटपर्यंत ऐकत नसत. अर्थ आधीच शिजून तयार असे.

आता त्यांचा डोळा पुढच्या खोलीवर होता. तिथे धाकटी भावजय शिवणकाम करी. घरात धड उजेड तेवढ्याच खोलीत. बाकीकडे सुईत दोरा जाईल तर शपथ. खोली गेली की काम गेलं, हे तिला ठाऊक होतं. पण खोटं न बोलण्याचा तिचा रोजचा नेम, म्हणून सकाळी चहाला सासूबाईंनी विचारलं तेव्हा तिनं स्वप्न काटछाट न करता सांगायला घेतलं.

"माझ्या मशीनला उंटासारखे पाय फुटले, आणि ते खिडकीतून बाहेर चालू लागलं."

"झालं! ती खोली तुला लाभत नाही," वन्सं म्हणाल्या. "रिकामी कर."

"वर एक बाई बसलेली, पाठमोरी. माझ्या डब्यातली बटणं फुटाण्यासारखी तोंडात टाकत होती."

"हावरट! दुसऱ्याचं गिळायची सवय."

"आणि मांजरं तिला वारा घालत होती."

"ऐतखाऊ ती ऐतखाऊ, वर सेवा करून घेणार! अगं, असली बाई घराचं वाटोळं करते. तिला आजच्या आज आवरायला हवं."

भावजयीचा चेहरा उतरला. नवरा चहात पडलेलं बिस्कीट शोधू लागला. बायकोची बाजू घ्यायची वेळ आली की त्याचं बिस्कीट हमखास पडे.

"बाई कोण होती, ते तरी सांगू दे तिला," सासूबाई म्हणाल्या.

"मशीन कुणाचं? मग हीच असणार!"

"नाही हो वन्सं," भावजय हळूच म्हणाली. "शेवटी ती वळली ना. तुम्हीच होतात. अंगात हाच जांभळा स्वेटर. बटण घशात अडकून उचकी लागली होती तुम्हाला."

सासूबाईंना हसता हसता ठसका लागला.

"स्वप्नं काय, पोट बिघडलं की पडतात!" वन्सं उसळल्या.

"मग माझा पूरही पोटातलाच की गं. पलंग आण परत."

"आणि पंखा," नवरा बिस्किटाचा लगदा चमच्यावर धरून म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

दुपारी पुढच्या खोलीत मशीन खडखडत होतं. वन्सं दारात आल्या. हातात जांभळा स्वेटर.

"मधलं बटण तुटलंय. लावून देतेस?"

"देते की," भावजय म्हणाली. आणि बटणांचा डबा उचलून तिनं आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवला.