पदवीदानाला गेलेली पिशवी

मित्रांनो, दारामागच्या खुंटीला एका अंगाने झुकून लटकणारी ती खाकी पिशवी म्हणजे मी. माझ्याकडे बघून कुणाला आदर वाटावा असं माझं रूप नाही. तळाला दुधाचा जुना डाग आहे आणि पट्टा पुन्हा पुन्हा शिवलेला आहे. तरीही माझी गोष्ट तुम्ही ऐकावी असं मला वाटतं. तिच्यात एक दिवस असा आहे, की तो आठवला की आजही मला भिंतीकडे तोंड करून लटकावंसं वाटतं.

पिशव्या शिवणाऱ्या एका बाईंच्या दुकानात माझा जन्म झाला. तंबूच्या जाड कापडातून त्यांनी मला बेतलं. बाहेरून कप्पे, आतून कप्पे आणि अगदी पोटाशी चेनचा एक चोरकप्पा. शिवून झाल्यावर त्यांनी मला उलटीपालटी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही काही लवकर फाटायची नाही." तेव्हापासून माझ्या डोक्यात जरा हवा गेली, ती बरेच दिवस उतरली नाही.

पहिल्या बाळाची वाट बघणाऱ्या एका जोडप्याने मला घरी नेलं. बाबा कुलपं दुरुस्त करायचे. कुणाची किल्ली हरवली, कुणी दार ओढून बाहेरच अडकलं, की बाबांना बोलावणं यायचं, आणि बाबा गप्पा मारता मारता ते दार उघडून द्यायचे. आधी मुलगी झाली, तिला सगळे ठमी म्हणायचे. मग मुलगा झाला. तो इतका गुटगुटीत होता की त्याचं नाव गब्दुल पडलं.

ठमी चालायला लागली तसं आईने परिचारिकेच्या शिक्षणाचं मनावर घेतलं. मग काय, माझ्या एका कप्प्यात दुधाची बाटली आणि दुसऱ्यात जाडजूड पुस्तकं. एकदा बाटली गळली आणि पचनसंस्थेचा अख्खा धडा दुधात भिजला. आईने तो दोरीवर वाळत घातला आणि तिथेच उभी राहून पाठही केला. बँडेज बांधायचा सराव ती माझ्या पट्ट्यावर करायची. इतकी निगा माझी कुणी कधी घेतली नव्हती.

एक दिवस गब्दुलने ओलं बिस्कीट माझ्या चोरकप्प्याच्या चेनमध्ये कोंबलं आणि चेन अडली. खालून अंगठ्याने दाबायचं, जरा डावीकडे सरकवायचं आणि मग ओढायचं, तर ती उघडायची. हे फक्त आईला जमायचं.

"एवढी चेन बघशील का रे?" तिने बाबांना सांगून पाहिलं.

"बघतो रविवारी. तुला उघडते ना पण? मग झालं तर."

असे कितीतरी रविवार गेले. खरं सांगते मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट मी फुशारून जायचे, की मी आईशिवाय कुणाला दाद देत नाही. आणि त्या घराची रीतही तशीच होती. मोजे सापडेनात, तापाचं औषध सापडेना, बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "आईला विचार."

अखेर आईच्या पदवीदानाचा दिवस उजाडला. तिला लवकर पोहोचायचं होतं. काळा झगा हातावर टाकून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चिंधी पोटाच्या कप्प्यात आहे. रडला तर तेवढी दे." चिंधी म्हणजे आईच्या जुन्या स्कार्फचा तुकडा. तो गालाला लावला की गब्दुल शांत व्हायचा. बाबा ठमीचे केस विंचरत होते. ते म्हणाले, "हो हो, तू जा निवांत."

सभागृहात आम्हाला मागची जागा मिळाली. भाषणं संपेपर्यंत गब्दुलने माझा पट्टा चावत वेळ काढला. मग नावं पुकारायला लागले, टाळ्या कडाडल्या आणि तो दचकून रडायला लागला. बाबांनी बाटली दिली, ती त्याने भिरकावली. मग त्यांना चिंधी आठवली. एका हाताने बाळाला सांभाळत त्यांनी दुसऱ्या हाताने चेन ओढली. मी जागची हलले नाही. त्यांनी जोर लावला, तशी चेनची पकडच तुटून त्यांच्या हातात आली.

पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. दारावरचा माणूस येऊन वाकून म्हणाला, "साहेब, बाळाला जरा बाहेर न्या ना." बाबांचे कान लाल झाले.

"बाबा, आता काय करायचं?" ठमीने विचारलं.

"आईला विचार," बाबा मान वर न करता म्हणाले.

ठमी आज्ञाधारक मुलगी. तिने मला कवेत घेतलं आणि पायऱ्या उतरत थेट व्यासपीठाकडे निघाली. आपण इथेच उसवून पडावं, असं मला वाटत होतं. आई रांगेत उभी होती, तिच्या पुढे आता थोड्याच जणी राहिल्या होत्या. टाळ्या थांबल्या आणि नेमक्या त्या शांततेत ठमी खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, बाबांना चेन उघडत नाहीये."

पुढच्या रांगा हसल्या. कुणीतरी बाबांना ओळखलं. "अरे, हे तर आपले कुलूपवाले," असं तो म्हणाला आणि हसू पार मागपर्यंत गेलं.

आई हसली नाही. ती रांगेतून बाहेर आली, खाली बसली, तिने अंगठा दाबला, पकडीचं उरलेलं टोक नखाने ओढलं आणि मी मुकाट्याने उघडले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

एव्हाना बाबा ठमीच्या मागे धावत आले होते. आईला पाहताच गब्दुलने पुढे केलेली चिंधी भिरकावून तिच्याकडे झेप घेतली आणि झग्याची कॉलर मुठीत धरून तो आणखीच रडू लागला. सगळे बघत होते. आई त्याला घेऊन बाजूच्या दाराने बाहेर पडली. आम्ही सगळे बाहेर येतोय तोच आत तिचं नाव पुकारलं गेलं. थोडं थांबून पुन्हा पुकारलं. मग दुसऱ्या कुणाचं तरी.

"दे त्याला इकडे. तू जा, पळ," बाबा म्हणाले. पण गब्दुल कॉलर सोडेना.

"राहू दे," आई म्हणाली. "गेलं पुढे."

तिचं प्रमाणपत्र तिला बाहेरच्या टेबलावर मिळालं. "सही इथे करा, आणि झगा शेजारच्या खोलीत परत द्या," तिथले कारकून म्हणाले. आईने सवयीने ते प्रमाणपत्र माझ्यात, बाटलीशेजारी ठेवलं.

"मला काय माहीत, ती खरंच जाईल," बाबा पुटपुटले.

"जाणारच ना. रोज तेच ऐकते ती." आईने गब्दुलचे डोळे पुसले. मग म्हणाली, "आजचा एक दिवस मला कुणी काही विचारायला नको होतं रे."

ठमीचा चेहरा एवढासा झाला. "आई, माझं चुकलं का?"

तिला बाबांनीच जवळ घेतलं. "नाही गं बाळा. माझं चुकलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझी चेन बदलली. ती आता ठमीलाही उघडते. माझ्यातलं सगळं सामान त्यांनी पलंगावर मांडलं आणि काय कुठे असतं ते शिकून घेतलं. आता मी जास्त करून त्यांच्याच खांद्यावर असते. पण त्या दिवशीच्या टाळ्या काही परत आल्या नाहीत. आईचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. कुणी पाहुणे विचारतात, "स्टेजवरचा फोटो नाही काढला?" मग बाबा पाणी आणायला म्हणून आत जातात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत.

मित्रांनो, मला झटका, धुवा, उन्हात वाळवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं आता बरंच वय झालं. माझं एवढंच मागणं आहे, की तुमच्या घरातली अशी पिशवी एकदा स्वतः उघडून बघा. तिच्यात काय आहे आणि कुठे आहे, ते पाठ करा. म्हणजे तुमच्या आईचं नाव पुकारलं जाईल, तेव्हा तिचे हात रिकामे असतील.