कोरड्या मातीतला भरलेला माठ

मी एक जुना माठ आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मुरडायचंच असेल तर आधी मला मुरडू द्या. अजून माझ्या अंगाला ऑइलपेंटचा वास येतो. शी!

राजेश्वर गावच्या मल्लेश्वरी कुंभारणीनं मला घडवलं. खटकचिंचोळी गावात शकुबाईच्या ओसरीवर मी कितीतरी उन्हाळे पाणी गार केलं. अंगातून पाणी झिरपू द्यायचं, एवढंच माझं काम. पुढं काठ फुटला आणि माझी रवानगी कोंबड्यांच्या खुराड्यात झाली. तिथल्या घाणीबद्दल न बोललेलंच बरं.

यंदा शकुबाईनं मला घासूनपुसून बाहेर काढलं. तिच्या माहेरची चिंच रस्त्यासाठी तोडली होती. त्या झाडाच्या शेवटच्या चिंचोक्याचं रोप ती माळावर लावणार होती. रोपाशेजारी मला गळ्यापर्यंत पुरायचं, वरून पाणी भरायचं. मी झिरपायचं, मुळांनी प्यायचं. मी हरखून गेलो.

पण रोप लावायचा सोहळा बघायला पाहुणे येणार होते ना! तिच्या नवऱ्याला, ग्यानबाला, हौस आली. कारहुणवीच्या सणाला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लालभडक ऑइलपेंट त्यानं मला बुडापासून गळ्यापर्यंत फासला. जन्मभर माझं गार पाणी प्यायलेला माणूस हा! फोटो निघाले, मला पुरलं, पाहुणे गेले.

मग पावसानं दडी मारली. ग्यानबा रोज माझं झाकण उचलून खूश.

"बघ की, थेंबभर बी आटला न्हाई! लई गुणाचा माठ हाय."

माझी छिद्रं बुजलेली, पोटात पाणी तसंच, आणि वीतभर अंतरावर चिंच वाळत चाललेली. असलं कौतुक ऐकून मला ओकारी यायची.

एके दिवशी शकुबाईला गळलेली पानं दिसली. तिनं माझ्या कडेची माती उकरली. ठणठणीत कोरडी!

"अगं बाई! माठ भरून हाय आन झाड मरायलंय! रंग कामून फासलाव याला?"

"शोभा यावी म्हणून..." ग्यानबा पुटपुटला.

"जळो ती शोभा!"

तिनं तांब्यानं रोपाला पाणी घातलं. मला उपसून उन्हात वाळवलं आणि गोवऱ्यांच्या जाळात घातलं. काय तो धूर, काय ती दुर्गंधी! पण रंग जळाला. तिनं मला पुन्हा पुरून भरलं.

दुसऱ्या सकाळी ग्यानबानं झाकण उचललं. मी निम्मा रिकामा होतो. तो लगेच घागर घेऊन पाण्याला गेला.

चिंचेच्या शेंड्याला एकच हिरवी डहाळी उरली आहे. मित्रांनो, मला नटवू नका, माझं कौतुकही करू नका. मातीत बोट घालून बघा. आणि मी रिकामा दिसलो, तर तेवढा भरा.